दीर्घ ई

मला घोड्यातलं काही कळत नाही.
मी दुधाचा टँकर चालवतो, टिपेररीच्या आडरस्त्यांनी,
पहाटे तीनपासून, गोठ्यामागून गोठा.
पण गुरुवारी संध्याकाळी मी ‘ई’ असतो.

रिंगणाच्या कडेला आठ फळ्या:
ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ.
शाळेत शिकवतात त्या क्रमाने नाहीत.
कुणी लावल्या अशा, का लावल्या,
दहा जणांना विचारा, दहा गोष्टी ऐका.
आणि मधोमध एक्स. त्याला फळीच नाही.
तो मानायचा.

ब्रोनाला बाकीचीही मानावीच लागतात.
एकविसाव्या वर्षी तिची नजर हळूहळू विझली,
मांड मात्र तशीच राहिली, पक्की.
म्हणून आम्ही उभे राहतो फळ्यांच्या जागी:
पोस्टमन टायग ए,
नालबंद मॉस, तोंडात खिळे नसतील तेव्हा, एच,
शाळेतल्या लाव्हलबाई सी, पंचांच्या अगदी खांद्याशी,
तिची मामेबहीण क्लोडा के.
घोडा जवळ आला की आपापलं नाव घ्यायचं,
सारखं घ्यायचं, तो वळेपर्यंत.
बाकीच्यांची अक्षरं पटकन संपतात.
माझं दीर्घ आहे, ओढावं तेवढं लांबतं.

बार्ली सोळा हात उंच.
हात म्हणजे इथे पंजाची रुंदी, कोपरापर्यंतचा नव्हे,
नाहीतर छपरातून मान बाहेर.
असे शब्द तिनेच शिकवले मला, खोगीर पुसता पुसता.
हाफ-हॉल्ट म्हणजे थांबणं नव्हे,
थांबता येतं याची घोड्याला आठवण देणं.
ऑन द बिट म्हणजे
दोघांनी मिळून ओली चादर पिळताना
पलीकडच्याच्या मनगटातलं जे कळतं, ते.
कलेक्शन म्हटल्यावर मी विचारलं,
आमचं दुधाचं असतं तसं?
हसली. म्हणाली, अगदी तसंच रे फिन्टन,
मागच्या पायांतून वर येतं,
पाठीत साठवायचं,
आणि सांडू द्यायचं नाही.

नोव्हेंबरातली स्पर्धा. पत्र्याचं सभागृह, भुश्श्याचा वास,
चहाचे कागदी पेले, आणि सगळे एकदम गप्प.
एवरून आत, दुडक्या चालीत.
एक्सवर थांबली, मान झुकवून सलामी,
चारही पाय चौकोनी, जणू कुणी ओळंबा लावून ठेवलेले.
सीवरून डावीकडे. मॉसचा आवाज मागे पडला,
आता मी. ईवर वीस मीटरचं वर्तुळ.

आणि तेव्हाच मला ते दिसलं:
बार्लीची पाठ भरलेल्या टाकीसारखी आली,
जड, आतून हलणारी, थेंबही न सांडणारी.
वर्षभर ऐकलेला शब्द
माझ्या दिशेने चालत येत होता,
आणि मी माझं अक्षर विसरलो.

दोन ढांगा, फक्त दोन.
पलीकडून क्लोडा ओरडली तेव्हा ती वळली,
कठड्याला गुडघा घासून.

गुणपत्रिका मीच वाचून दाखवतो नेहमी,
ट्रेलरच्या फळीवर बसून.
प्रवेश, सात. थांबणं, साडेसात.
मोकळी चाल, लांब लगामीवर, सात.
वर्तुळ... मी खोकलो.
वर्तुळ, साडे...
‘चार,’ ती म्हणाली.
शेराही वाचला मग. ‘अंडाकृती. सुरुवात उशिरा.’
बार्ली बादलीत नाक घालून फुरफुरत होता.
मी सॉरी म्हणायच्या आत
तिने पट्ट्याची कडी अचूक चाचपली, घट्ट केली.
‘तू श्वास रोखला होतास.
ऐकू आला मला.
काय पाहिलंस, सांग.’

मी सांगायला गेलो. टाकी म्हणालो, दूध म्हणालो,
मग हात हलवत राहिलो, जे तिला दिसत नव्हते.

अजून पहाटे, कॅशेलच्या चढावर,
काचा बंद करून मी ई म्हणून पाहतो,
पोट आत घेऊन, न थांबता, वळणापर्यंत.
मागे नऊ हजार लिटर हलतं.
कुंपणापाशी एखादी गाय मान वर करते,
आणि पुन्हा चरू लागते.